बिनसेलचं पेन

अंबडचे तातेराव पेंटर कोणावर म्हणून विश्वास ठेवत नसत. बसमध्ये कंडक्टरने सुटे पैसे दिले की उतरेपर्यंत ते पुन्हापुन्हा मोजत, आणि भाजीवाल्याने हसून बोलावलं तर मुद्दाम पुढच्या गाड्यावर जात. घरातही तोच कारभार. गेली दोन वर्षं त्यांची बायको कांताबाई त्यांना चहा अर्धाच कप देत होती. आणखी मागितला तर पुन्हा अर्धा देई, पण कप म्हणून भरत नसे. ही दूध नेमकं कुठे जिरवते, याचा एक दिवस छडा लावायचाच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

तीस वर्षं अंबडच्या बाजारातल्या पाट्या त्यांनीच रंगवल्या. मग फ्लेक्स आलं आणि २००३ पर्यंत ब्रश डब्यात वाळून गेले. तेवढ्यात फ्लेक्सवाल्याने निरोप धाडला, की काही गिऱ्हाइकं अजून तातेरावांचंच अक्षर मागतात, पण ते कॉम्प्युटरमध्ये काढून मिळालं तरच उपयोग. अक्षर जगवायचा तेवढा एकच रस्ता उरला होता. जावयाने दिलेला जुना कॉम्प्युटर घरात पडून होता. तातेराव जालन्याला कॉम्प्युटरचं सामान विकणाऱ्या शिवाजीच्या दुकानात गेले.

शिवाजीने शाळेतल्या पाटीएवढी एक काळी पाटी पुढे ठेवली आणि सोबत एक पेन. या पेनाने पाटीवर काहीच उमटत नाही, उमटतं ते समोरच्या पडद्यावर, तेव्हा हात खाली आणि नजर समोर, ही सवय करावी लागेल, असं त्याने सांगितलं. पाटीच्या पोटात बारीक तारांची जाळी असते, पेनाचं टोक कुठे आहे ते तिला कळतं. पेनाला लागणारी वीजही ती जाळीच पुरवते, म्हणून पेनात सेल नाही. टोक दाबलं की रेघ जाड, सैल सोडलं की बारीक.

बिनसेलचं पेन चालतं, हे तातेरावांना काही पटेना. त्यांनी ते हलवून पाहिलं, पिरगाळून पाहिलं, कानाला लावून पाहिलं. सेल यानेच काढून ठेवले असणार.

शिवाजी आपला सांगतच होता. वायरचं टोक तुमच्या कॉम्प्युटरला बसतं का ते आधी बघा. पाटी केवढी हे बघू नका, तिच्यावर चितारायची चौकट केवढी आहे ते बघा, बाकीची कड नुसती शोभेची. टोकं झिजतात, जादाची सोबत मागून घ्या. आणि शेवटी त्याने लाकडी पट्टी पुढे केली.

"पट्टी लावून सावकाश तिरपी रेघ ओढून बघा काका. पाटीत खोट असली तर रेघ लाटा मारती."

इथे मात्र तातेरावांच्या मनात पाल चुकचुकली. पट्टी लावली की कोणाचीही रेघ सरळ येईल. खोट झाकायचा हा दुकानदारी डाव. त्यांनी पट्टी बाजूला सारली आणि झरझर चार फराटे मारले. ते झकास आले. पुढे पेन कोणी बदलू नये म्हणून त्यांनी त्यावर तिथेच लाल रंगाचा ठिपका दिला आणि वस्तू पिशवीत घातली.

घरी त्यांनी 'श्री' काढायला घेतला. वेलांटी सावकाश वळवायची असते. रेघ वळणावर आली आणि उंदराने कुरतडल्यासारखी दिसू लागली. त्यांनी पुसली, पुन्हा काढली. तीन दिवस हेच चाललं. वापरलेला माल शिवाजीने आपल्या गळ्यात मारला, याबद्दल आता त्यांना शंका उरली नाही.

चौथ्या दिवशी पाटी-पेन घेऊन ते पुन्हा दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्यांनी शिवाजीला फैलावर घेतलं. शिवाजी चिडला नाही. त्याने तेच लाल ठिपक्याचं पेन उचललं आणि पट्टीशिवाय, सावकाश, एक तिरपी रेघ ओढली. ती सरळ आली. मग त्याने पेन तातेरावांना दिलं आणि पट्टी पुढे सरकवली. पट्टी लावून त्यांचीही रेघ सरळ आली. पट्टी काढली, आणि लाटा उठल्या.

तातेराव पडद्याकडे बघत राहिले. पाटीत खोट असती तर लाटा पट्टी लावूनही आल्या असत्या. पट्टी झाकत होती ती हाताची खोट. पाट्या रंगवताना आपण डाव्या हातात आडवी काठी धरायचो आणि उजवं मनगट तिच्यावर टेकवायचो, हे त्यांना आठवलं. त्या काठीने किती वर्षं झाकलं असेल कोण जाणे. त्यांना भीती वाटली.

शिवाजीने पेन हातात घेऊन उगाच निरखलं. "पेनच खराब निघालं काका. ठेवून जा, मी वस्तू परत घेतो."

जन्मभर दुसऱ्यांचं खोटं हुडकत फिरलेल्या तातेरावांना एवढं ढळढळीत खोटं कोणी ऐकवलं नव्हतं. त्यांना त्याचा राग मात्र आला नाही.

"पेन बराबर हाय," ते म्हणाले, आणि पिशवी घेऊन बसस्टँडकडे निघाले.

घरी कांताबाईने चहा आणला. अर्धा कप. त्यांनी कप उचलला. चहा या काठावरून त्या काठावर हिंदकळला, पण बाहेर सांडला नाही.

"तुला कधीपासून ठावं हाय?"

"तुमचे सदरे कोण धुतं?"

"मंग सांगितलं का न्हाई?"

"तुमचा इस्वास बसला आस्ता का?"

चहा संपवून त्यांनी कोपऱ्यातली काठी काढली आणि पाटीवर आडवी धरून पाहिली. नजर पडद्याकडे गेली की काठी सरके, काठीकडे बघावं तर अक्षर दिसेना. दोनतीनदा तसंच झालं. मग कांताबाई न सांगता जवळ येऊन बसली आणि तिने काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली. तातेरावांनी काठीवर मनगट टेकवलं आणि खाली एकदाही न बघता वेलांटी वळवली.