टॅकेटबाईंचं पाणी

ओडेसात मी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. दांडगट पोरं पाहिली, त्यांचे दांडगट बापही पाहिले. त्यामुळे राष्ट्रीय उद्यानातल्या चिसोसच्या डोंगरांत एकटीनं चार दिवस चालायची मला भीती वाटली नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी गाडीनं जाऊन वाटेवर, चालणाऱ्यांनी आपलं पाणी आधीच ठेवून जावं म्हणून असलेल्या लोखंडी पेटीत दोन कॅन ठेवले. दोन्हींवर ठळक लिहिलं : व्हर्ना टॅकेट, बारा नोव्हेंबर. तिथून पुढं दोन दिवस नुसतं वाळवंट.

चालायला लागल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं पोचले, तर पेटी सताड उघडी. सावलीला तिशीचा एक गडी अनवाणी बसलेला. एक कॅन रिकामा पडला होता आणि दुसऱ्यातलं पाणी तो पायावर ओतत होता.

"ते माझं पाणी आहे," मी म्हणाले.

"कुणीतरी टाकून गेलंय असं वाटलं."

"नाव वाचता येत नाही?"

"या वयात एकटं भटकायचं, तर जरा जास्तीचं ठेवावं, बाई. फोड आलेत मला."

कॅन हिसकावला. तळाशी जेमतेम लिटरभर होतं. त्याच्या सॅकला मात्र तीन भरलेल्या बाटल्या लटकत होत्या. दोन मी काढून घेतल्या.

"ठेव त्या!" तो ओरडत उठला. माझ्याहून हातभर उंच. मी काठी पुढं धरली. तो धावून आला आणि त्याचा पाय घायपाताच्या टोकावर पडला. किंचाळून खालीच बसला.

"काटा तरी काढा!"

"तुझा तू काढ. तिसरी बाटली ठेवलीय तुला."

एवढ्या पाण्यात वाळवंट पार होणार नव्हतं. रिकामा कॅन सॅकला बांधून मी डांबरी रस्त्याकडे वळले. सारखी मागं बघत होते. काळजीनं नव्हे, तो येतोय का म्हणून.

तासाभरानं एका कुटुंबानं मला गाडीत घेतलं. उद्यानाच्या चौकीत पोचले, तर तो पेटीपाशी आलेल्या कुणाच्या तरी गाडीतून माझ्या आधीच येऊन तक्रार लिहीत होता. म्हातारीनं काठी उगारून पाणी लुटलं म्हणे.

रेंजर लुहान यांनी माझ्याकडं पाहिलं. "खरं का?"

"अगदी खरं. काठी उगारली, पाणी घेतलं. आता हे वाचा." कॅन मी टेबलावर आदळला.

लुहान यांनी नाव वाचलं, मग त्याला विचारलं, "हा कॅन पेटीत होता?"

"होता. पण हिनं मला तिथं सोडलं! मेलो असतो मी!"

"मीही मेले असते," मी म्हणाले. "तू पाय धूत होतास."

लुहान यांनी दोघांचीही तक्रार लिहून घेतली आणि त्याला पेटीतल्या चोरीबद्दल दंड लावला. बाहेर पडताना तो पुटपुटला, "कजाग म्हातारी."

मी लुहान यांच्याकडून त्याच वाटेचा पुढच्या सोमवारचा परवाना मागितला.