पंचावन्न किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. माझी सारी नोकरी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत गेली.

त्या खिडकीतल्या कारकुनांना सगळे नाना म्हणत. कुणी दूरच्या गावाची चौकशी केली, की ते मला भिंतीवरच्या नकाशावर टेकवत आणि किलोमीटर सांगत. मुलूख सपाट, रस्ते सरळ. माझे माप फारसे चुकत नसे. "नानांची पट्टी बोलली म्हणजे बोलली," असे चालक म्हणत आणि मी मनातल्या मनात फुगून जाई.

पुढे नानांची बदली डोंगराच्या पायथ्याशी एका आडगावी झाली. त्यांच्या पिशवीतून मीही गेले. त्याच आठवड्यात डोंगरापलीकडच्या गावाला गाडी सुरू झाली होती. वेळापत्रक अजून यायचे होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई खिडकीशी आली. तिची आई त्या पलीकडच्या गावी अंथरुणाला खिळली होती आणि लवकर या, असा निरोप होता. एकची गाडी समोरच उभी होती. पण बाईचा भाऊ तीनला येणार होता.

"किती लांब आहे हो?" तिने विचारले.

नानांनी मला नकाशावर ठेवले. साडेपाच सेंटिमीटर.

"पंचावन्न किलोमीटर. चारच्या गाडीनं दोघं मिळून जा. दिवे लागायच्या आत पोचाल."

बाईला हायसे वाटले. ती बाकावर जाऊन बसली आणि एकची गाडी तिच्यासमोरून निघून गेली.

मित्रांनो, ते अंतर सरळ रेषेतले, हवेतले होते. विमान तर तिथे कधीच जात नव्हते. रस्ता दरीला वळसा घालून दोन घाट चढत होता. दोनशे ऐंशी किलोमीटर, पुरते नऊ तास.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. भांडायला नव्हे.

"आम्ही रात्री एकला पोचलो. आई साडेअकराला गेली. आधीची गाडी धरली असती तर दहालाच पोचले असते."

नाना उठून उभे राहिले. "ताई, मी तो रस्ता बघितलाच नव्हता."

"पोरं कुठवर आली, असं आई सारखं विचारत होती म्हणे. शेजारीण सांगायची, आलीच आता." ती जायला वळली. "पुढच्या माणसाला नीट सांगा, एवढंच."

सुट्टीच्या दिवशी नाना स्वतः त्या गाडीत बसले. प्रत्येक थांब्याची वेळ पेन्सिलीने टिपली आणि तो कागद खिडकीच्या काचेवर चिकटवला. मला मात्र त्यांनी पुन्हा कधी नकाशाला लावले नाही. खणात, जुन्या पावत्यांखाली माझी वर्षे गेली. नानांना निवृत्त होऊनही आता बराच काळ झाला. नवा कारकून खिडकीची फळी पडू नये म्हणून मला तिच्याखाली अडकवतो. मधोमध मला तडा गेला आहे. त्याचे मला फारसे दुःख नाही.

एकच मागणे आहे. तुम्हाला कुणी अंतर विचारले, तर नकाशाकडे वळण्याआधी त्या माणसाकडे बघा. तिकडे कोण वाट पाहत आहे, ते विचारा. आणि ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही म्हणा. त्या दुपारी नाना एवढेच म्हणाले असते, तरी ती एकच्या गाडीत चढली असती.