परतीचा अर्धा तास

सुमित्राबाई म्हणजे गावाची धवलारीण, लग्नघरात धवले गाणारी. लेक सासरी निघाली की तिच्या वाटेवरचं एकेक गाव त्या गाण्यात ओवायच्या. मग तीच वाट उलटी गाऊन लेकीला पुन्हा माहेरच्या दारात आणून ठेवायच्या. परतीची वाट नेहमी आखूड. माहेरच्या ओढीनं पाय उचलतातच तसे. ही परतीची वाट गायल्याशिवाय त्यांनी एकाही लेकीला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

आज उंबऱ्यात उभी होती नात, भाविका. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. नव्या विमानतळावरून ती आज पहिल्यांदा विमान नेणार होती. त्याच धावपट्टीखाली सुमित्राबाईंची भातखाचरं गेलेली.

“लगीन नाय, हलद नाय, आन धवला?” शेजारच्या राहीबाईंनी नाक मुरडलं. “कुवाऱ्या पोरीला अपशकुन गो!”

“नवरी एकली जाते. ही दीडशे मानसं घेऊन जाते. हिची वाट कोन गानार मंग?” सुमित्राबाईंनी पदर खोचला. “भाविका, कवरा लांब हाय गो तुझा गुवाहाटी?”

“दोन हजार किलोमीटरच्या वर, आजी. तीन तासांत उतरू.”

“वाटेत गावं कनची?”

“गावं कुठली दिसतायत वरून! नद्या दिसतात. गोदावरी, वैनगंगा, गंगा, मग ब्रह्मपुत्रा.”

सुमित्राबाई खुलल्या. नद्या म्हणजे बायकाच की! एकीनं दुसरीच्या ओटीत घालावी तशी त्यांनी गाण्यात नात पुढं पुढं पोचवली. ब्रह्मपुत्रेनं तिचे पाय धुतले. आता परतीची वाट.

“येताना किती येल लागंल?”

“अर्धा तास जास्त.”

गाणं थांबलं. राहीबाई टपलेल्याच होत्या. “बग! पोरीचं मन आताच तिकरं लागलं.”

सुमित्राबाईंचा चेहरा उतरला. येताना वाट लांबलेली त्यांनी जन्मात गायली नव्हती. खाली गाडीनं हॉर्न दिला.

“आजी, टेन्शन नको घेऊ.” भाविकानं त्यांचे खरखरीत हात धरले. “अंतर तेवढंच आहे. वर वारा असतो, या दिवसांत तर जोरातच. जाताना पाठीत, येताना तोंडावर.”

सुमित्राबाईंच्या डोळ्यांपुढं खाडी आली. खाडीत ओहोटी लागली की त्यांचा नवरा उलट्या पाण्यात होडी वल्हवत घरी यायचा. उशिरा यायचा, दंड भरून आलेले असायचे. त्याला ओढ कमी होती असं कोण म्हणेल?

त्यांनी गळा मोकळा केला.

“जाताना गो लेकी, वारा पाठीशी भावावानी,
येताना गो लेकी, वारा आडवा ननंदंवानी,
आडव्याला चिरीत, येल माझी भाविका रानी.”

शेवटची ओळ दुसऱ्यांदा आली तेव्हा मागून कुणीतरी झील धरली होती. राहीबाईच. भाविकानं वाकून दोघींच्या पाया पडून उंबरा ओलांडला.

संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर बायका जमल्या. तेजसनं, भाविकाच्या भावानं, मोबाइलवर विमानाचा माग लावून ठेवलेला. तिकडून निघून तीन तास उलटले, तरी आभाळ रिकामंच.

“उशीर केलान गो पोरीनं,” एक जण म्हणाली.

“उशीर कनचा?” राहीबाईच तिच्यावर खेकसल्या. “वारा कापीत येते ती!”

आणि पूर्वेच्या डोंगरावर एक दिवा दिसला. तो खाली खाली आला आणि सुमित्राबाईंच्या खाचरांवर अलगद टेकला.

“आली,” सुमित्राबाई म्हणाल्या. “आपल्याच शेतात उतरली.”