शमशादनं उलटं भरलेलं केंद्रक

२०२२ साल होतं. उंब्रजला माझ्या शेजारी शमशाद राहायची. ती गोधड्या शिवायची, तिची नात मिस्बाह कराडला कॉलेजात जीवशास्त्र शिकायची. कॉलेजात प्रतिकृतींची स्पर्धा घेऊन एकाच मुलीला पुण्याच्या प्रयोगशाळेत शिकायला धाडणार होते. मिस्बाहचा बाप यासीन म्हणाला होता, "नंबर लागला तर जा. न्हाईतर मिरजेच्या पाव्हण्यांना होकार कळवतो."

मिस्बाहनं जुन्या दिव्याचा काचेचा गोल आणला, त्यात आजीच्या चिंध्या भरून पेशीचं केंद्रक केलं आणि मला वरच्या भोकातून आत बघायला लावलं.

"मावशी, गुणसूत्रांचा आत गुंता नसतो. बाजारात कशी ज्याची त्याची बसायची जागा ठरलेली असते, तसं. कामाला लागलेला भाग मोकळा, मध्ये. गप्प असलेला, म्हणजे या काळपट चिंध्या, घट्ट दुमडून भिंतीला."

आत हळदी, डाळिंबी रंग ढगांसारखे तरंगत होते. माझ्याही अंगात कुणी असं मांडून ठेवलंय, या विचारात दुपार कधी कलली कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी स्पर्धेला कराडला गेलो. मिस्बाहनं गोलावरचं फडकं काढलं आणि तिचा चेहरा उतरला. उजळ चिंध्या काचेला लागलेल्या, काळपट सगळ्या मधोमध.

"विटकं भाईर ठेवलं व्हतं पोरीनं," शमशाद खुशीत म्हणाली. "जुनेर आतच घालायचं असतंय. सकाळी मीच नीट केलं."

"शमशाद, तू पोरीच्या अभ्यासाची गोधडी केलीस गं!" मी म्हणाले.

परीक्षक मॅडम वाकल्या. "हे उलटं आहे."

मिस्बाहनं काचेवर तळवा ठेवला.

"होय मॅडम. मी नेहमीच्या पेशीचं केलं होतं, आजीनं पालटलं. पण असंही असतं. रात्री हिंडणाऱ्या उंदराच्या डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यात. घट्ट भाग मध्ये गोळा होतो, म्हणून अंधूक उजेडसुद्धा न विखुरता पुढं जातो."

"आणि कामाचा भाग?"

"कडेला. काम चालूच असतं."

शमशाद माझ्या कानाशी लागली, "आवं, हिनं मधीच उंदीर का काढला?"

मॅडमनी गोल खिडकीकडे फिरवला. ऊन त्यातून आरपार गेलं आणि भिंतीवर रंग हलू लागले. त्यांनी तिथंच पुण्यासाठी मिस्बाहचं नाव सांगितलं.

मिस्बाह आता पुण्यात संशोधन करते. मिरजेच्या मुलाचं इस्लामपूरला लग्न झालं. यासीन येणाऱ्याजाणाऱ्याला केंद्रक समजावतो, बरंचसं चुकीचं. मॅडम निवृत्त होऊन वाईला राहतात. शमशाद गेल्या वर्षी झोपेतच गेली. मी साताऱ्याला मुलाकडे असते, उंब्रजला क्वचितच जाणं होतं.