देवळावरून

"देवळावरून नाव नेऊ नको, कोकिळा!" कारभारी ओरडला.

"मंग कुठून नेऊ, मामाजी? धारेतून? तुमचा पोरगा गेला तसं?" कोकिळानं वल्हं असं आपटलं, की पाणी सासऱ्याच्या तोंडावर उडालं.

म्हाताऱ्यानं तोंड पुसलं. त्याच्या मांडीवर नात, छकुली, तळमळत होती. सकाळी गवतात तिला लाल विंचू चावला होता. पोरगी घामानं निथळत होती, ओकत होती. पूल पाण्याखाली, आणि दवाखान्याची गाडी पलीकडच्या काठावर. त्यात धरणाचे दरवाजे उघडल्याचा भोंगा मघाशीच वाजून गेला होता.

जुनं गाव धरणात गेल्यापासून भोयांनी एक नेम धरला होता. बुडालेल्या देवळाच्या डोक्यावरून नाव न्यायची नाही, वळसा घालायचा. हा वळसा जायचा नदीच्या जुन्या पात्रातून, आणि दरवाजे उघडले की धार ओढायची ती नेमकी तिथंच. गेल्या श्रावणात कोकिळाच्या नवऱ्याला, गोकुळला, ती धार दिसत होती. पण बापानं लहानपणापासून शिकवलेला नेम त्याच्यानं मोडवला नाही. मेल्यावर गाव म्हणालं, देवभोळा होता बिचारा. देवभोळा! तेव्हा कोकिळाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरली नव्हती.

कारभारीनं चपला काढल्या. "तू बी काढ, बाई."

"नाई काढत. काय करन तो? अजून काय न्याचं राह्यलं त्याले?"

इतक्यात नाव खालून खरवडली आणि अडली. कळस! कोकिळानं वल्ह्यानं रेटा दिला, पण शेवाळावरून वल्हं निसटलं. नावेचं तोंड हळूहळू धारेकडे वळू लागलं.

"माफ कर रे देवा," कारभारी पुटपुटला.

"माफी त्यानं मांगावी! माह्या लेकराची!" कोकिळा किंचाळली.

म्हाताऱ्यानं छकुलीकडे पाहिलं. तिला अलगद खाली ठेवलं, नावेच्या काठावर बसून उजवा पाय पाण्यात घातला आणि कळसाला सगळ्या ताकदीनं लाथ मारली. नाव सुटली.

"गोकुळले हेच शिकवाले पायजे होतं मी," तो रडत म्हणाला.

"हाव. पायजे होतं."

काठाला लागताच तो छकुलीला घेऊन काट्याकुट्यातून अनवाणीच पळाला. डॉक्टरनं सुई दिली, वेळेवर आणलं म्हणाला.

कोकिळानं नावेत राहिलेल्या चपला आणून सासऱ्यापुढे आदळल्या. "घाला."

कारभारीनं उजवा पाय मागं ओढला. कोकिळा खाली बसली, तोच पाय तिनं पदरानं पुसला आणि त्यात चप्पल चढवली.