आमची घरं

"हे कुनाचं घर गो?" गावकीच्या म्होरक्याने, गोमाजीने, विचारलं आणि बोट थेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकवलं.

हा प्रश्न येणार हे प्रियदर्शिनीला ठाऊक होतं, फक्त इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

"बनुकाकीचं," ती म्हणाली.

देवळाच्या सभामंडपात बसलेल्या सगळ्या गावकीच्या माना पडद्याकडे वळल्या.

महाडच्या ज्या क्लासात ती कॉम्प्युटर शिकवायची, तिथला एक कॉम्प्युटर तिने सरांच्या नाकदुऱ्या काढून पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आपल्या गावी जीपमधून आणला होता. दोन हजार चार साल होतं. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाला गावाची वेबसाइट हवी होती, आणि हे काम जाणणारं तिच्याशिवाय, येसाजीच्या पोरीशिवाय, गावात दुसरं कोणी नव्हतं. मंडळाचे सेक्रेटरी भिकाजी यांना तर काय काय हवं होतं! अध्यक्षांचं मनोगत, सत्काराचे फोटो, देणगीदार, मंडळाची वाटचाल, त्या वाटचालीचे फोटो. एकेकाला एकेक बटण. प्रियदर्शिनीने त्यांना समजावलं होतं, "काका, एवढी बटणं बघून माणूस गांगरतो. सुरतेला वाढलेल्या पोराला आपलं घर बघायचंय, तर दोन टिचक्यांत पोचलं पाहिजे." शेवटी पाचच बटणं उरली. गाव, आमची घरं, जत्रा, शाळा आणि संपर्क. 'आमची घरं' दाबलं की खालच्या ओढ्यापासून वर देवळापर्यंत, चालताना लागतात त्याच क्रमाने घरांची नावं उघडत. नावावर टिचकी मारली की घर समोर. या मेनूचा तिला भारी अभिमान होता.

त्या रांगेत येसाजीच्या घराला लागून बनुबाईचं घर होतं, कारण गावातही ते तिथेच होतं.

बनुबाई चार वर्षं वाळीत होती. बांधाच्या भांडणात ती विधवा बाई गावकीपुढे न येता पोलिसांकडे गेली, हा तिचा गुन्हा. बांध कोरणारा होता गोमाजीचा सख्खा भाऊ. तेव्हापासून तिच्याशी बोलेल त्याला दंड, आणि तिची बाजू घेईल तो तिच्यासोबत बाहेर. घराचा फोटो काढतानाही प्रियदर्शिनी रस्त्यावरच उभी राहिली होती. बनुबाईने दारात येऊन पदर सारखा केला होता, पण दोघींपैकी कोणीच चकार शब्द काढला नव्हता. ते आठवलं की तिला स्वतःचीच लाज वाटे.

"काढ ते," गोमाजी म्हणाला.

"पण काका, गाव दाखवायचं तर..."

"गावात कोन हाय नि कोन नाय, ते गावकी ठरवते. तुझा डबा नाय ठरवत."

भिकाजी मध्ये पडले. "अगो, टेन्शन कायको? पान ऱ्हाऊ दे तिचं. नुसतं त्या मेनूतनं नाव उडव. खतम! कोनाला कळनार हाय?"

आपण केवढा तोडगा काढला, असं भिकाजींना वाटलं असणार. प्रियदर्शिनीला मात्र त्यातला अर्थ दिसला. पान राहील, फोटो राहील, आणि तिथवर पोचायला कुठूनही वाट राहणार नाही. गावाने चार वर्षं दुसरं काय केलं होतं?

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

गोमाजी तिच्याशी बोललाच नाही. तो खांबाला टेकून बसलेल्या तिच्या बापाकडे वळला. "येसाजी, पोरीला समजाव. वैशाखात लगीन हाय तिचं. मांडवाला गाव लागतं."

एवढंच बोलला, पण पुरे होतं. मांडव गावाने घालायचा असतो. मेढींचे खड्डे घ्यायला, रांधायला, पंगत वाढायला घरटी माणूस येतं. वाळीतल्या घरी कुत्रंही फिरकत नाही. नवऱ्याच्या गावचं, तुडीलचं वऱ्हाड रिकाम्या मांडवात उतरलेलं तिला डोळ्यांपुढे दिसलं.

येसाजी उभ्या जन्मात गावकीपुढे बोलला नव्हता. तो तंबाखू मळायचा नि मान हलवायचा. बनुबाईला वाळीत टाकलं तेव्हाही त्याने मान हलवली होती. आताही तो खालीच बघत होता. बापाचं ते वाकलेलं डोकं पोरीला बघवेना. तिने माउस हातात घेतला आणि बनुबाईच्या नावावर आणला.

"थांब गो," येसाजी म्हणाला.

ती थांबली.

"काढायचं तं आपलं बी काढ. लागून हाय ते. एकलं तिचं काढलंस तं भोक दिसंल."

"येसाजी, इचार करून बोल," गोमाजीचा आवाज चढला.

"चार वर्सं इचारच केला, गोमाजीदादा."

कोणीतरी खाकरलं. भिकाजी चष्मा पुसत बसले. गोमाजीने सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "काढ मग. दोनी काढ."

प्रियदर्शिनीने आधी आपलं नाव पुसलं, मग बनुबाईचं. सगळ्यांसमोर तिच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती तिने पुसली नाही. भोक वगैरे काही दिसलं नाही. खालची नावं वर सरकली आणि रांग सलग झाली.

वैशाखात मांडवाच्या दिवशी सकाळी कोणी आलं नाही. आई चुलीपुढे बसून रडत होती, नवऱ्याला बोल लावत होती, आणि तिचं चुकतंय असं प्रियदर्शिनीला म्हणता येईना. येसाजी एकटाच अंगणात पहारीने खड्डे घेत होता. नवरी मुलगी मेढ धरून उभी. तिसऱ्या खड्ड्याला पहार ठणकन वाजली. त्याने पुन्हा मारली, पुन्हा तेच.

"तितं खडक हाय, भावजी," कुंपणापलीकडून आवाज आला. चार वर्षांत त्या घरातून आलेला हा पहिला शब्द. बनुबाई आंब्याचे डहाळे खांद्यावर घेऊन उभी होती. "हातभर अलीकडं घ्या."

येसाजीने कपाळाचा घाम पुसला.

"बरं, वैनी," तो म्हणाला, आणि हातभर अलीकडे पहार मारली.