हजेरीवरची सही

चिमणीला मुलांच्या वॉर्डात लागून पुरते पाच महिनेही झाले नव्हते, आणि तिला दोषी ठरवायला इस्पितळाला पाच दिवसही लागले नाहीत.

चिमणी म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत धाकटी नर्स. अंगानं एवढीशी, आवाज त्याहून बारीक, म्हणून हे नाव पडलं. घडलं ते असं. दोन वर्षांची एक मुलगी झटके येतात म्हणून दाखल झाली होती. वजन नऊ किलो. डॉक्टरांनी झटक्याचं औषध लिहिलं, अर्धा मिली. पण घाईत पॉइंटच्या आधी शून्य लिहिलं नाही. नुसतं एक टिंब आणि पुढे पाच. ते टिंबही नेमकं कागदाच्या छापील रेघेवर पडलं. चिमणीनं पाच वाचलं, पाच मिली भरलं आणि दिलं. दसपट औषध.

पोर गाढ गुंगीत गेली, श्वास मंद झाला. ते पहिल्यांदा पाहिलं चिमणीनंच, आणि आरडाओरडा करून डॉक्टरांना बोलावलं तेही तिनंच. दोन दिवस मुलगी मशीनवर होती. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, आईला ओळखलं आणि पाणी मागितलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग चौकशी बसली.

चौथ्या दिवशी मेट्रन एक कागद घेऊन मास्तरीणबाईंकडे आल्या. मास्तरीणबाई हे काही खरं नाव नव्हे. बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढल्यावर त्यांना नर्सेसना शिकवायचं काम दिलं होतं, तेव्हापासून सगळे त्यांना तसंच म्हणत.

"फार काही नाही बाई," मेट्रन म्हणाल्या. "त्या मुलीला औषधांचं प्रशिक्षण दिलं होतं, एवढं लिहून द्या. हजेरी जोडलीच आहे."

बाईंनी चष्मा लावला. हजेरीच्या कागदावर एकेचाळीस सह्या होत्या. चौतिसावी चिमणीची. सगळ्यांत खाली, 'प्रशिक्षक' या शब्दापुढे, त्यांची स्वतःची.

"चिमणी त्या दिवशी हॉलमध्ये नव्हती," बाई म्हणाल्या.

"सही तर आहे."

"सही तिची नाही. ती सही करताना नावाची वेलांटी अशी वर नेत नाही."

मेट्रननी खिडकीबाहेर पाहिलं. "बाई, आता ते उकरून काय मिळणार?"

तो दिवस बाईंना चांगला आठवत होता. शिकवायला त्यांनी तीन दिवस मागितले होते. एका वेळी सहाच नर्सेस, वॉर्डातच, हातात सिरिंज आणि पाणी घेऊन. मुलाचं वजन पाहा, डोस काढा, भरा, दुसरीला दाखवा, मग द्या. कागदावर पॉइंटच्या आधी शून्य नसेल तर औषध भरू नका, डॉक्टरांना विचारा. एवढंच शिकवायचं होतं, पण ते हाताला शिकवायचं होतं. तीनदा अर्ज केला. तीनदा उत्तर आलं, 'मनुष्यबळ उपलब्ध नाही.' मग तपासणीचं पथक येणार म्हटल्यावर अचानक हॉल मिळाला. चाळीस मिनिटं, एक पडदा आणि खरखरणारा माइक. एकोणीस नर्सेस आल्या. बाकीच्यांना वॉर्ड सोडता येत नव्हता, आणि चिमणी तर बत्तीस मुलांना एकटी सांभाळत होती. संध्याकाळी मेट्रननी हजेरीचा भरलेला कागद पुढे केला. बाईंची बस सुटायला आली होती. 'कागदच तर आहे,' असं म्हणत त्यांनी उभ्याउभ्या सही ठोकली होती.

"मी विचार करून सांगते," त्या मेट्रनना म्हणाल्या, आणि आपल्याच आवाजातला मऊपणा त्यांना टोचला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मुलीचा बाप बसला होता. घरं रंगवायचं काम करायचा. नखांत पांढरा रंग अडकलेला, शर्टावर निळे शिंतोडे. कामावरून थेट आला असावा. बाईंचा गणवेश पाहून तो उठला.

"बाई, इस्पितळाचे मोठे साहेब म्हणाले, त्या नर्सला काढतायत."

"ऐकलंय मी."

"मला एवढंच विचारायचं होतं. ती गेली, की पुन्हा कुणाच्या पोराला असं होणार नाही ना?"

बाईंच्या तोंडात तयार उत्तरं पुष्कळ होती. बावीस वर्षांत नातेवाइकांची समजूत घालायला त्या चांगल्याच शिकल्या होत्या. पण त्या माणसाकडे बघून त्यातलं एकही ओठांवर येईना.

"होईल, भाऊ," त्या म्हणाल्या. "ती गेली तरी होईल."

तो मटकन खाली बसला. बाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर वळायला आपला हात!

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो निवृत्त बसड्रायव्हर, कमी बोलणारा. शेंगा सोलता सोलता त्यानं ऐकून घेतलं. बाई डॉक्टरांवर बरसल्या, मेट्रनवर बरसल्या, मोठ्या साहेबांच्या तर सात पिढ्या काढल्या.

"सगळं खरं," तो म्हणाला. "पण खाली सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग आधी ते सांग. नाहीतर बाकीचं कोण ऐकेल तुझं?"

बाईंना त्याचा राग आला. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समिती बसली. मधोमध मोठे साहेब, म्हणजे इस्पितळाचे प्रमुख. एका बाजूला मेट्रन, दुसऱ्या बाजूला ते डॉक्टर. समोरच्या खुर्चीत चिमणी, मांडीवर हात घट्ट दाबून. रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाई, थोडक्यात सांगा," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "हिला शिकवलं होतं की नाही?"

"नाही."

"असं कसं? खाली तुमची सही आहे."

"आहे. खोटी आहे. न वाचता केली, आणि लाज वाटते मला तिची. हॉलमध्ये एकोणीस जणी होत्या, कागदावर एकेचाळीस आहेत. बावीस सह्या कुणी केल्या ते मेट्रनना विचारा. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण या पोरीला त्या कागदाच्या जोरावर घरी पाठवू नका."

मेट्रनचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर खुर्चीत चुळबुळले. "तरीपण, पाच मिली नऊ किलोच्या मुलाला? एवढं तरी कळायला नको?"

बाईंनी केसपेपर उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "वाचा डॉक्टर. तुमचंच अक्षर आहे."

डॉक्टरांनी कागद जवळ नेला, मग लांब धरला. टिंब शोधायला त्यांना बराच वेळ लागला. खोलीतल्या प्रत्येकानं तो वेळ पाहिला.

"तुम्ही शांत खोलीत खुर्चीवर बसून वाचताय," बाईंचा आवाज चढला. "हिच्या मागे बत्तीस मुलं रडत होती. औषध दुसरीला दाखवायचं असतं, मान्य. दुसरी होती कुठे? आणि हे शिकवायला दिवस मागणारे माझे तीन अर्ज तुमच्या टेबलावर आहेत, साहेब! माणूस चुकतो, म्हणून तर दोघींनी बघायचं असतं. एकीला ठेवायचं, शिकवायचं नाही, आणि चुकली की हात झटकायचे. अशानं उद्या कुणाचं पोर मेलं तर?"

"आवाज खाली," साहेब म्हणाले.

"नाही करत!"

तेवढ्यात चिमणी पहिल्यांदाच बोलली. "चूक माझी आहे, सर. मला कळलं नव्हतं तर मी विचारायला हवं होतं. पण मागच्या महिन्यात विचारलं होतं, तेव्हा सर माझ्यावर ओरडले होते. म्हणून या वेळी नाही विचारलं."

डॉक्टरांनी मान खाली घातली.

आठवड्यानं निकाल लागला. चिमणीला काढलं नाही, ताकीद देऊन ठेवलं. डॉक्टरांना 'अक्षराबाबत काळजी घ्यावी' असं एका ओळीचं पत्र गेलं. मेट्रनना काहीच नाही. खोट्या हजेरीबद्दल लेखी ठपका एकट्या मास्तरीणबाईंवर आला. तो त्यांनी मुकाट्यानं घेतला, कारण तो खोटा नव्हता. पण मेट्रनचं नाव त्यात नव्हतं, याची चीड त्यांना पुढे कित्येक दिवस जेवू देत नव्हती.

त्यासोबत एक परिपत्रकही निघालं. लहान मुलांचं औषध दोन नर्सेसनी तपासावं, 'शक्य असल्यास'. ते दोन शब्द वाचून बाई परिपत्रक हातात घेऊनच जिना चढल्या आणि साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या.

"'शक्य' म्हणजे कधी, ते साहेबांना तारीख-वार लिहून द्यायला सांगा," त्या दारावरच्या शिपायाला म्हणाल्या.

साहेब मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या दिवशीही होते. तिसऱ्या दिवशी बाईंबरोबर चिमणी आली, चौथ्या दिवशी ड्यूटी संपलेल्या सात नर्सेस. पाचव्या दिवशी तो रंगारी आला, झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन, आणि कुणी न सांगता रांगेत उभा राहिला. त्याला बघून साहेबांना बाहेर यावंच लागलं.

वॉर्डातला वर्ग आता सुरू आहे, एका वेळी सहा जणी, आणि डॉक्टरांनाही यावं लागतं. दिवसपाळीला दुसरी नर्स मिळाली. रात्रपाळीला अजून नाही. त्यासाठी मास्तरीणबाई दर सोमवारी जिना चढतात, आणि शिपाई त्यांना लांबून बघूनच साहेबांना वर्दी देतो.